कंधारच्या बाईंची गोष्ट

सॉफ्टवेअरनं मला साधा प्रश्न विचारला होता — या वाक्यांची भाषांतरं आधीच आहेत, नव्या फाईलमधली घेऊ का? मी 'नको' दाबलं.

चूक म्हणाल तर एवढीच. पण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. गंमत बघा — गोष्ट मात्र पुष्कळदा सांगितली आहे, हातवारे करून, टाळ्या घेऊन. फक्त त्या गोष्टीत 'नको' दाबणारा मी नसतो.

थांबा, मागून सांगतो. मी लातुरात भाषांतराचा धंदा करतो. इंग्रजीतून मराठी — यंत्रांच्या पुस्तिका, सूचनापत्रकं, औषधाच्या खोक्यातली ती घडीची चिठ्ठी, जी तुम्ही न वाचता फेकता. हे काम आम्ही सॉफ्टवेअरमध्ये करतो. डावीकडं इंग्रजी वाक्य, उजवीकडं आपलं. लिहिलेलं प्रत्येक वाक्य ते लक्षात ठेवतं. माझं सॉफ्टवेअर महागाचं, मला काम देणाऱ्या पुण्याच्या एजन्सीनं दिलेलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शैलाताईंचं फुकटचं, इंटरनेटवरून उतरवलेलं. दोन्ही एकमेकांशी थेट बोलत नाहीत — रुसलेल्या विहिणींसारखी. मध्ये दोघींना चालेल अशी एक फाईल लागते. ती एकीकडून काढायची, दुसरीकडं घालायची, आणि घालताना सॉफ्टवेअर काय विचारतंय ते नीट वाचायचं. हे ताईंना कुणी शिकवलं? मीच.

शैलाताई कंधारच्या. विनाअनुदानित शाळेत शिकवायच्या — म्हणजे काय, ते आपल्याकडं सांगावं लागत नाही. पगार आज ना उद्या सुरू होईल या आशेवर खडू झिजवायचा. या कामात त्यांना मीच ओढलं. हात असा बसला की त्यांनी शाळा सोडली. एजन्सी त्यांना थेट काम देण्याचं बोलायला लागली होती. मला त्याचा आनंद झाला होता का? झाला होता — असं मी सगळ्यांना सांगायचो.

तर, डाळ मिलच्या एका यंत्राची पुस्तिका आली. अर्धी त्यांनी केली, अर्धी मी. त्यांची फाईल आली, मी ती माझ्याकडं घातली आणि सवयीनं तिच्यावर हात फिरवायला बसलो. सुनेनं केलेल्या भाजीत सासू चिमूटभर मीठ टाकतेच, तसा माझा स्वभाव. भाजी चांगली असली की जास्तच. सगळं करून झालं आणि ताईंचा फोन आला.

"सर, एका वाक्यात घोळ झालाय. बटण बंद करून झाकण उघडा, असं लिहून बसले मी. बटण बंद केलं तरी चाक फिरूनच राहते ना! चाक पुरतं थांबल्यावर उघडा, असं पायजे. नवी फाईल पाठवली. तीच घ्या."

"बिनघोर राहा, ताई," मी म्हणालो.

म्हणजे चूक त्यांचीच होती, पण धरली त्यांनीच, दुरुस्त केली त्यांनीच, फोन करून सांगितलीही त्यांनीच. आता नवी फाईल घ्यायची तर माझं चिमूटभर मीठ पुसलं जाणार! म्हणून 'नको'. ते एक वाक्य काय, हातानं बदलू — चहा घेऊन आल्यावर. चहाला गोलाईच्या चौकात दोन दोस्त भेटले, गप्पा रंगल्या. परत आलो आणि सगळी पुस्तिका तशीच पुण्याला धाडली. ताईंनी काढलेली चूक मी पुन्हा जागेवर नेऊन ठेवली होती.

पुस्तिका छापून झाली. कंपनीच्या फिटरनं गठ्ठा सोडला, एक चाळली आणि ओरडला म्हणे — लोकांचे हात तोडायचेत काय? सगळे गठ्ठे रद्दीत गेले. कुणाचा हात गेला नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय! ऐकवून झालं की आतला माणूस विचारतो — मग? त्यात तुझं काय?

एजन्सीनं विचारलं, हे कुणाचं काम? मी फाईल उघडली. दिसायला वेळ लागला नाही. ताईंची दुरुस्त केलेली फाईल तिथंच पडून होती, न लावलेली. 'माझी चूक' — दोन शब्द लिहायचे होते. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी, दोन शब्द जड झाले? मी लिहिलं — 'तो भाग कंधारच्या बाईंचा. त्या नवीन आहेत, फुकटचं सॉफ्टवेअर वापरतात. फाईल इकडून तिकडं नेताना असं होतं. यापुढं मी स्वतः तपासत जाईन.' एकेक वाक्य सुटं काढून बघा. एकही धड खोटं नाही. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात सफाईदार काम ते.

ताईंचं काम बंद झालं. त्यांच्या वाट्याचं माझ्याकडं आलं.

पण मला जे सांगायचंय ते हेही नाही. मी त्यांना फोन केला. कशाला? त्यांना काही कळलंय का, ते चाचपायला. आणि केलं काय — तर त्यांची समजूत घातली! ताई, चुका होतातच, माझ्याही व्हायच्या सुरुवातीला, मनाला लावून घेऊ नका, मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय पुण्याला. बोलतच राहिलो. त्या नुसतं म्हणत होत्या, "हाव सर." त्यांना शरम वाटतेय असं मी धरलं, आणि मी आणखी मोठ्या मनाचा होत गेलो. फोन ठेवला तेव्हा — हे लिहिताना बोट अडतंय — मला खरंच बरं वाटत होतं. कुणाला तरी आधार दिल्यासारखं.

ताई परत त्याच शाळेत गेल्या. त्याच आशेवर.

लातुरात कशाचाही क्लास निघतो. मी भाषांतराच्या सॉफ्टवेअरचा काढला. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाईल नेण्याचा धडा आला की पोरं पेंगतात. त्यांना जागं करायला काहीतरी लागतं ना? "कंधारच्या एक बाई होत्या…" मग ते झाकण, ते चाक, फिटरची बोंब, आणि शेवटी बाईंच्या आवाजात, मान खाली घालून — "हाव सर." वर्ग लोळायचा. दर वर्गाला मी गोष्टीवर थोडा हात फिरवायचो. सांगितलं ना, सवय आहे.

परवाच्या वर्गात चाकूरची एक मुलगी हसली नाही. मला वाटलं, तिला कळलं नाही. म्हणून तिच्यासाठी पुन्हा सांगितली — आवाजासकट.

ती ताईंची भाची निघाली. ताईंचा फोन आला तेव्हा मी क्लासच्या जिन्यात होतो.

"सर, क्लासात माझी गोष्ट सांगता म्हणं. आवाजबी काढता."

आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "ताई, मी नाव नाही घेत कधी…" मग अडखळत सुरू केलं — त्या दिवशी काय झालं होतं, तुमची नवी फाईल माझ्याकडं…

"राहू द्या, मला तवाच ठाऊक होतं; कुठलं वाक्य छापलं ते पुण्याहून कळवलं होतं. तुम्ही समजूत घालून राहिले होते, अन् मी नवी फाईल समोर उघडून ऐकून राहिले होते. म्हटलं, बघू तरी, माणूस कुठवर जातो."

"पण… तुमच्याकडं ती फाईल कशी?" हो, हेच विचारलं मी.

ताई म्हणाल्या, "पाठवलेली फाईल पाठवणाऱ्याकडंबी राहते, सर. एवढंबी कळंना, अन् क्लास घेता?"