आण्णांच्या पुस्तकातली सुटी अक्षरं

आमचे आण्णा पन्हाळ्याला सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, हे उर्दू शिकायला निघाले. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उर्दू शाळेतले एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी आण्णांची शाळा भरायची. "म्हातारपणी ह्ये काय खूळ?" असं माझा थोरला भाऊ, दादा, त्यांना तोंडावर म्हणायचा. आण्णा नुसते हसायचे.

पुढे ते गझला लिहायला लागले. हात थरथरायचा म्हणून मोबाइलवर, एकेक अक्षर दाबत. मला उर्दू येत नाही, पण ते मला बोलावून दाखवायचे. "ह्यो बे, म्हंजी आपला ब. एकटा हाय तवर कसा ऐसपैस बसलाय. आता फुडं अलिफ, म्हंजी आ, दाबतो. बघ, अंग चोरलं का न्हाय?" आणि खरंच, बे आक्रसून अलिफला चिकटायचा. फोनच्या पोटात बेला एकच क्रमांक असतो. शब्दात तो कुठंही आला तरी तोच. शेजारी कोण आहे ते पाहून त्याचं रूप बदलायचं आणि ओळ उजवीकडून मांडायची, हे काम दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. हे सगळं मला त्यांनीच समजावलं.

मास्तरांना मात्र त्यांनी एकही गझल दाखवली नव्हती. "कच्चं हाय अजून. पुस्तक झालं की एकदमच दावतो. मास्तर काय म्हणत्यात, त्येच माझं बक्षीस." पुस्तक व्हायच्या आत आण्णा गेले.

वर्षश्राद्धाला पुस्तक काढायचं दादानं ठरवलं. वडिलांच्या प्रेमापोटी नव्हे, त्याला निवडणुकीला उभं राहायचं होतं. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला काम दिलं. मी म्हटलं, छापायच्या आधी मास्तरांना एकदा दाखव.

"त्यात काय दावायचं? फोनमधनं उचलून तकडं ठेवायचं. कॉपी-पेस्टात चूक हुईल कशी?"

मी भांड भांड भांडले. हॉल ठरलाय, पावणं ठरल्यात, असं म्हणून त्यानं माझं तोंड बंद केलं.

हॉलच्या दारात फ्लेक्स होता. त्यावर दादा मोठा आणि आण्णा कोपऱ्यात. फेटे झाले, शाल-नारळ झाले, रिबन सुटली आणि एक प्रत माझ्या हातात आली. मी पान उघडलं. एकही अक्षर दुसऱ्याला चिकटलेलं नव्हतं. बे ऐसपैस, अलिफ बाजूला ताठ. पत्रिकावाल्याच्या जुन्या प्रोग्रामला जोडणं ठाऊकच नव्हतं. त्यानं क्रमांक एकामागून एक घेतले आणि मराठीसारखे डावीकडून मांडून टाकले. स्टेजवरचे पाहुणे तीच पानं उघडून माना डोलवत होते. एकजण तर माइकवर "काय नजाकत आहे!" म्हणाला. मला त्याचा फेटा ओढावासा वाटला.

मास्तर पहिल्या रांगेत बसले होते, कडक इस्त्रीच्या कुर्त्यात. त्यांनी एक पान उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. बोट उजवीकडून निघालं, थांबलं, मग डावीकडून चाचपडायला लागलं. तेवढ्यात दादानं त्यांना दोन ओळी वाचायला स्टेजवर बोलावलं.

मास्तर जागेवरच उभे राहिले. "माफ करा मंडळी, चष्मा घरी इसरलो."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. लोक हसले, टाळ्याही पडल्या. मी रडत होते, तर शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आण्णांची आठवण आली व्हय?"

कार्यक्रम संपल्यावर जिन्यात मी दादाला गाठलं. "एक शब्द वाचता येत न्हाय त्यातला. आण्णांच्या लिखाणाची पार रद्दी केलीस तू."

"हळू बोल की! फोटो किती झ्याक आल्यात बघ. आन् तसं बी, ह्ये उर्दू वाचणार हाय कोण हितं?"

वाचणारे एकटे मास्तरच होते. दोन पायऱ्या खाली, आण्णांचं पुस्तक काखेत धरून, वाकून चपला घालत होते. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि कठडा धरत, मागं न बघता खाली उतरले. दादाला ते दिसलेही नाहीत.