तोंडात चूळ धरलेला वर्ग

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत ठरलं, की शिक्षकांनी एकमेकांचे तास बघायचे आणि मग बसून त्यावर बोलायचं. रिठद गावाच्या बाजूला आमची शाळा. शिक्षक दोनच: पहिली-दुसरीला सर, तिसरी-चौथीला मी. त्यामुळे कोणी कोणाचा तास बघायचा, हा प्रश्नच नव्हता.

मला मनातून रागच आला होता. माझ्या वर्गात कोणी येऊन बसलं की पाहुणा थेट चुलीपाशी आल्यासारखं वाटतं. पण तिसरीतली एक मुलगी काही केल्या वाचत नव्हती. दिवाळी झाली की आईबाप तिला घेऊन ऊसतोडीला जाणार, ते उन्हाळ्यातच परतणार. त्याआधी वाचायला लागली नाही तर पोर हातची गेली, ही धास्ती मला झोपू देत नव्हती. म्हणून म्हटलं, या सर.

सर आले आणि सतरंजीवर नेमके तिच्याशेजारी बसले. आपल्या पोरांना ते चित्रं काढायला बसवून आले होते. ती सगळी पोरं पाच मिनिटांत आमच्या खिडकीला लटकली. मी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि मुलीला विचारलं, "हे काय लिहिलं, सांग बरं?"

"बैलगाडी!" सर म्हणाले.

दुसऱ्या शब्दाला पुन्हा सरच. तिसऱ्याला तर त्यांनी हातसुद्धा वर केला. सगळी नोकरी उत्तरं सांगण्यात गेलेला माणूस, त्याला आवरणार कोण?

मधल्या सुट्टीत मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, तुमी तास पाहाले आलते का परीक्षा द्याले?"

सर खजील झाले, पण गप्प बसले नाहीत. "मॅडम, ते पोरगी वाचते. तिचे ओठ हालून राह्यले होते. तिले जरासा टाइम लागते, अन् तेवढ्यात कोणी ना कोणी बोलून देते."

"कोणी ना कोणी म्हणजे तुमीच!"

"आज मी. रोज तुमचे हुशार पोट्टे. अन् तुमी बी मॅडम, थांबतच नाई."

मला असा संताप आला म्हणता! खरं होतं ना ते.

तोडगा सरांनीच काढला. दुसऱ्या दिवशी ते पाण्याची बाटली घेऊन आले आणि तोंडात चूळ धरून बसले. त्यांचे फुगलेले गाल बघून हुशार मंडळींनाही चूळ हवी झाली. मग काय, सगळा वर्ग गाल फुगवून बसला. मीही. फक्त त्या मुलीला पाणी दिलं नाही. बोलायची सोय नव्हती, तेव्हा फळ्यावर वाक्य लिहून मी तिला बोटानंच खुणावलं.

तिनं सगळ्यांकडे बघितलं. एवढी शांतता आमच्या शाळेत रविवारीही नसते.

"केन... केनवडच्या... बाजारातून... आईनं..." इथे ती अडली. सरांचे डोळे बाहेर यायचे बाकी होते. मी त्यांच्यावर डोळे वटारले.

"बांग... बांगड्या आणल्या!"

सरांच्या तोंडातलं पाणी थेट चौथीच्या पोरांच्या पाठीवर! मी माझं कसंबसं गिळलं.

दिवाळीपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्याजवळ बसलो. मग एक दिवस ऊसतोडीचा ट्रॅक्टर तिला घेऊन गेला आणि मला फार वाईट वाटलं. तिकडे उसाच्या फडात हिला वाचायला देणार कोण? असंच विसरून जाईल सगळं.

दोनेक दिवसांनी तिच्या बापाचा फोन आला. आवाज एवढा चढलेला, की शेजारी उभ्या सरांनाही ऐकू जात होता.

"मॅडम, हे काय करून ठेवलं तुमी? रस्त्यानं एक पाटी सोडली नाई पोरीनं. ढाब्याची, पेट्रोलपंपाची, पुलावरची बी. वरडून वरडून वाचते. कोणाले झोपू देऊन नाई राह्यली. हे बंद कसं करा लागते?"

मी तोंड उघडायच्या आतच सरांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊ," ते म्हणाले, "ते आता बंद नाई होत."