जुने प्रिंट काढ

अमेरिकेत कॅरी नावाच्या गावाजवळच्या एका औषध कंपनीत मी कंत्राटावर लागलो तेव्हा माझ्या वाट्याला प्रिंटर आले. नागपुरात घरचे सगळ्यांना सांगत होते की मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये मोठा आहे. मुलगा इथे लेबलं निघतात की नाही ते बघत होता.

सिस्टिममधून काहीही छापायला पाठवलं की त्याला एक नंबर मिळतो, त्याला स्पूलचा नंबर म्हणतात. हे नंबर ठरावीक असतात. जुने प्रिंट वेळच्या वेळी पुसले की त्यांचे नंबर मोकळे होतात. आमच्याकडे ते कुणी पुसलेच नव्हते, कारण पुसायचं काम कोणाचं हे ठरवायची मीटिंग सारखी पुढे ढकलली जात होती. एका सकाळी नंबर संपले. गोदामात खोक्यांवर लावायची लेबलं निघेनात आणि ट्रक उभे राहिले.

मी आमच्या टीम लीडला फोन लावला. ती पुण्याची, वयाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचो.

"ताई, स्पूलचे नंबर संपले."

"मग जुने प्रिंट काढ ना सगळे! मी ड्राइव्ह करतेय, पोचतेच," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आता मराठीत प्रिंट काढतात. मी जन्मभर प्रिंट काढत आलोय, झेरॉक्स काढत आलोय. मला वाटलं, पुसण्याआधी कागदावर एक प्रत ठेवायची असेल. आपल्याकडच्या ऑफिसात तसंच करतात. मी सगळे जुने प्रिंट निवडले आणि काढले. आधीच नंबर मिळालेल्या प्रिंटला नवा नंबर लागत नाही, त्यामुळे ते गोदामातल्या प्रिंटरांवर बिनतक्रार निघाले.

गोदामात आनंदीआनंद झाला. प्रिंटर सुधारले असं समजून तिथल्या लोकांनी ती लेबलं नव्या खोक्यांवर लावायला घेतली. ती जुन्या ऑर्डरींची आहेत हे कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत एक ट्रक भरून झाला होता. तो रिकामा करावा लागला.

दुपारी क्लायंटच्या, म्हणजे त्या औषध कंपनीच्या, मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावलं. क्लायंटने नको म्हटलं की प्रोजेक्ट जातो आणि त्याच्या मागोमाग व्हिसा. मुलीची शाळा नुकतीच सुरू झाली होती. 'काढणे' या क्रियापदाचे अर्थ इंग्रजीत कसे सांगायचे याची मी जिन्यात मनातल्या मनात तयारी केली. काही केल्या जमेना.

मॅनेजरने अगदी सभ्यपणे विचारलं, ह्याला सूचना समजत नाहीत का?

"समजतात," ताई इंग्रजीत म्हणाली. "मीच त्याला ते छापायला सांगितलं होतं."

पुसायचं होतं, हे ती बोललीच नाही. मी तोंड उघडलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ते मिटलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या टीमला नवा लीड आला. ताई टेबल आवरत होती.

"ताई, तुम्ही असं का सांगितलं?"

"अरे यार, माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मला दुसरं काम मिळेल. तुला विमान मिळालं असतं."

मी तिचं सामान गाडीपर्यंत नेलं. मला लाज वाटत होती. आणि त्याहून जास्त, आपलं काम टिकलं म्हणून हायसं वाटत होतं.