मुऱ्हाळी येईपर्यंत

मृणाल मॅडमच्या हॉलमध्ये खुर्च्या दोनच होत्या. तिसरा कुणी आला की खोक्यावर बसायचा. पुठ्ठ्याची तीन मोठी खोकी भिंतीशी मांडलेली, पुण्याहून निघताना लावलेली चिकटपट्टी तशीच. धुळ्यात देवपूरला त्या वरच्या मजल्यावर राहत आणि खालच्या खोलीत आम्ही कॉलेजच्या तीन मुली. मी पहिल्यांदा वर गेले ती नळाला पाणी आल्याचं सांगायला.

"मॅडम, आत्ता भरून घ्या. परत पाच दिवसांनी येईल."

"पाच दिवस!" त्या बादली शोधायला धावल्या. पाणी भरून झाल्यावर मी भीतभीत विचारलं, "खोकी उघडायला मदत करू का?"

"नको. राहायचं ठरलं की उघडेन."

वर्ष होत आलं तरी ठरत नव्हतं. त्या आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वय अडतीस, एकट्या. आई गेल्यावर त्या धुळ्याला आल्या. भाऊ पुण्यातच होता. घरापासून कॉलेज स्कूटरवर सात मिनिटं. "पुण्यात याच वेळात मी पहिला सिग्नलही ओलांडत नव्हते," असं त्या म्हणायच्या. पण रविवारी संध्याकाळी त्या गप्प व्हायच्या. "या वेळी मी नाटकाला निघालेली असायचे," एवढंच म्हणायच्या.

समोरच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात गच्चीवरून विचारलं, "मॅडम, भाजी काय केली? आणि मिस्टर कुठं असतात?" मिस्टर नाहीत हे दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत झालं. मॅडम दोन दिवस खिडकी लावून बसल्या. पुढं त्यांना ताप आला तेव्हा त्याच काकू खिचडी घेऊन आल्या, आणखी दोन घरांतूनही खिचडी आली. "पुण्यात मला कुणी काही विचारत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "इथं सगळे विचारतात. त्रास दोन्हीचा होतो गं." मग नेहमीचं वाक्य, "जाऊ दे. एका दिवसावरून शहर ठरवू नये."

उन्हाळ्यात त्यांना पुण्याच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. मेअखेर कळवायचं होतं. भाऊ रोज फोन करायचा. मला वाटायचं, त्यांनी जाऊ नये. पण असं कुठल्या तोंडानं म्हणणार? माझे आईवडील शिंदखेड्याजवळच्या गावात शेती करतात, घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. मोठ्या माणसाच्या निर्णयात बोलायची मला सवय नव्हती.

तेवढ्यात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला घ्यायला भाऊ जातो, तो मुऱ्हाळी. आईनं फोनवर बजावलं होतं, "मॅडमले सांग, दीपक लेवाले यी." दीपक म्हणजे माझा भाऊ, तो त्यांना घ्यायला येणार होता.

मी ते सांगितलंच नाही. प्राध्यापक बाईंना आमच्या जुन्या मोटरसायकलवर, पन्नास किलोमीटर उन्हात कसं बसवायचं? लाज वाटली. घरी निघताना मी नुसतं म्हटलं, "मॅडम, जमलं तर आखाजीला या." दीपकलाही थांबवायला हवं होतं, ते धीर न झाल्यानं राहून गेलं.

मॅडम एसटीनं आल्या. हातात पेढ्यांचा पुडा, फोन पिशवीच्या तळाशी. दारात त्यांना बघून आईच्या हातातली पुरणाची पळी तशीच राहिली.

"आशी एकली कोनी येस का माय? दीपक धुळाले ग्या ना तुमले लेवाले!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

मुऱ्हाळ्याशिवाय आलेल्या लेकीला आईनं घरात घेतलंच नाही. माझ्या हाती पाण्याचा तांब्या दिला आणि दोघींना परत स्टँडवर धाडलं. आम्ही निंबाखाली बसलो. मी सगळं खरं सांगून टाकलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे तो मला न्यायला तिकडं गेलाय?"

तासाभरानं दीपक धुळीनं भरून आला. "तुमना घरले कुलूप दखीसन मी घाबरी गऊ ना, अक्का!" मॅडमची एकदम अक्का झाली. त्यानं सीट रुमालानं पुसली आणि त्यांना घराकडं नेलं. अंतर तीन मिनिटांचं. मी मागून चालत पोचले तेव्हा आई भाकरतुकडा ओवाळत होती आणि मॅडमचे डोळे वाहत होते. "उन्हानं," त्या म्हणाल्या. आईनंही मान हलवली, "हा, ऊन भलतं शे."

जूनमध्ये मी वर गेले तर खोकी मोकळी होती. पेपरात दाबलेल्या वनस्पती, शाली, आणि त्यांच्या आईचं पुरणयंत्र. पुढच्या आखाजीला ते यंत्र आमच्याकडं आलं. पाट्यावर पुरण वाटणाऱ्या आईनं ते उलटसुलट केलं, "हाई काय शे?"

धुळं चांगलं आणि पुणं वाईट, असं मॅडम कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांचा पुण्याचा भाऊ वर्षभर नीट बोलला नाही. रविवारची संध्याकाळ तशीच राहिली. एमएस्सीला पुण्याला जाऊ की इथंच राहू, हे विचारायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं बघून राहू नकोस. मोठं शहर माझ्या हातात होतं, म्हणून मला ते सोडता आलं. तुझ्या हातात अजून आलंय कुठं?"

म्हणून मी पुण्याला आले. पहिल्या महिन्यात फोनवर रडले, तर पलीकडून तेच, "एका दिवसावरून शहर ठरवू नये."

या आखाजीला प्रॅक्टिकल परीक्षा आडवी आली. दुपारी घरी फोन लावला तर तो मॅडमनीच उचलला. मागे झोक्याचे दोर करकरत होते. दीपक सकाळीच त्यांना घेऊन आला होता. "तुझ्या वाटणीचंही खाल्लं," त्या म्हणाल्या. मग आईनं फोन घेतला.

"दीपकले धाडू का तुले लेवाले?"

"इतक्या लांब? नको," मी हसून म्हटलं.

संध्याकाळी मैत्रिणी बाजारात निघाल्या, मला हाका मारत होत्या. मी गेले नाही. दीपक येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी त्या दिवशी खोलीला कुलूप लावावंसं वाटलं नाही.