जावाजावांचा स्वेटर

बसस्थानकाच्या तिकीट खिडकीमागे सगळी नोकरी काढलेल्या त्या बाईला सगळे लोकरबाई म्हणत. दोन गाड्यांच्या मध्ये जरा उसंत मिळाली, की मांडीवरच्या पिशवीतून तिच्या सुया बाहेर यायच्या. "खिडकीत हात फार आत घालू नका हो, मोज्यात विणला जाईल," असं ड्रायव्हर मंडळी प्रवाशांना बजावायची. लोकरबाई हसायची, पण हातातला टाका पुरा झाल्याशिवाय मान वर करायची नाही.

विणायला आईनं शिकवलं होतं. गोडी मात्र तिची तिलाच लागली. डेपोतल्या गंजक्या पत्र्याचा तांबूस रंग किंवा नळाखालच्या शेवाळाचा हिरवा नजरेत भरला, की सुटल्यावर ती लोकरीच्या दुकानात जाऊन तोच रंग शोधत बसायची. पहिला टाका देवाचं नाव घेऊन घालायची. पुढे सुया चालत राहायच्या आणि मनातलं नावही.

हात तिचा फार घट्ट. त्या विणीतून वारा जाईल तर शपथ! सासूबाई म्हणायच्या, "स्वेटर कसला, चिलखत आहे. घालायला एक माणूस लागतं, काढायला दोन."

तरी विकतचा त्यांना टोचायचा. म्हणून निवृत्त झाल्यावर लोकरबाईनं त्यांच्यासाठी शेवाळी रंगाचा, पुढून बटणांचा स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पुढची उजवी बाजू झाली. मग कपाटावरचा लोकरीचा डबा काढायला ती स्टुलावर चढली आणि डब्यासकट खाली आली. उजवं मनगट मोडलं.

"हाड जुळेल," डॉक्टर म्हणाले. "बोटं पहिल्यासारखी चालतील का, ते आत्ताच सांगता यायचं नाही."

"स्वेटर काय, विकत आणू," नवरा म्हणाला.

"स्वेटर मिळेल हो. हात कुठल्या दुकानात मिळतो?"



वरच्या मजल्यावरून धाकटी जाऊ आली. "वहिनी, द्या इकडे. राहिलेलं मी करते." ती विणायला शिकली होती लोकरबाईकडेच. पण तेव्हा दिवसभर तिनं विणायचं आणि संध्याकाळी लोकरबाईनं "सैल आहे गं" म्हणत उसवायचं, असं चाललं आणि एक दिवस तिनं सुया ठेवूनच दिल्या. आता ती म्हणाली, "एक अट आहे मात्र. उसवायचं नाही."

"अगं, दिला शब्द. मला धड वेणी घालता येत नाही. उसवणार कशी?"

"उसवायला डावा हात पुरतो, वहिनी."

धाकटीनं डावी बाजू आणि दोन्ही बाह्या केल्या. लोकर तीच, सुया त्याच, टाकेही मोजून तितकेच. पण सगळे भाग पलंगावर मांडले, तर तिची बाजू लोकरबाईच्या बाजूपेक्षा चांगली दोन बोटं रुंद.

"एकाच अंगानं जाडी झाले वाटतं मी," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीचा चेहरा पडला. "उसवा," ती म्हणाली. "मी काही बोलायची नाही."

लोकरबाईच्या जिभेवर 'बरं' आलं होतं. पण शब्द दिला होता. तिनं सगळे भाग घडी करून उशीखाली ठेवले.

प्लास्टर निघालं. हात वाळून काठीसारखा झालेला. देवाचं नाव घेऊन तिनं चार टाके घातले. धागा ओढायला गेली, की मनगटातून कळ यायची. नाइलाजानं तिनं ओढणं सोडलं. टाके मोठे, आळसावलेले पडू लागले. तळहाताएवढा तुकडा झाल्यावर तिला रडूच आलं. डोळे पुसायला तोच तुकडा गालाला लावला, आणि ती थांबली. इतकी मऊ वीण तिच्या हातून कधी उतरली नव्हती.

तिनं उशीखालून धाकटीची बाजू काढली आणि तुकडा तिच्यावर ठेवून पाहिला. टाक्यावर टाका बसला.

दुसऱ्या दिवशी धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तर दोरीवर शेवाळी लोकरीच्या ओल्या, कुरळ्या लडी लोंबत होत्या. कुरळेपणा जावा म्हणून प्रत्येकीला खाली वजन बांधलेलं. ती तडक खाली आली.

"शेवटी उसवलंतच ना! एवढं सांगूनसुद्धा!"

लोकरबाईनं उशी उचलली. "हे घे. तुझं इथं जसंच्या तसं आहे. वर टांगलंय ते माझं."

धाकटी बघतच राहिली. "अख्खी पाठ?"

"पाठ आणि उजवी बाजू. तुझ्यासारखं विणून बघतेय. बरं वाटतं गं हाताला. पण फार वेळ धरवत नाही. चार ओळी मी, चार तू, असं करशील?"

"आणि माझ्या चार सैल पडल्या तर?"

"माझ्याही सैलच पडणार आहेत," लोकरबाई म्हणाली. "बस."

स्वेटर झाला. सासूबाईंनी एकटीनंच अंगात घातला, बटणं लावली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहिले. मग आतल्या खोलीत गेल्या आणि जुनं चिलखत घेऊन आल्या.

"आता ह्याचंही बघा," म्हणाल्या, आणि दोघींच्या मध्ये टाकून पंख्याचं बटण लावायला गेल्या. त्यांना उकडत होतं.

लोकरबाई डाव्या हातानं धाग्याचं टोक शोधू लागली.