मिठागरातल्या झोळ्या

देवावर माझी श्रद्धा होती, पण भरवसा नव्हता. या दोहोंत अंतर आहे, हे मला पत्नी वारल्यावर कळले.

मुलगी तेव्हा वर्षाचीही नव्हती. काही महिने माझ्या आईने तिला सांभाळले, मग आईही गेली. मी गोखिवऱ्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका मिठागरात कारकून होतो. सकाळी लवकर हजेरी घ्यायची आणि दिवस मावळेपर्यंत मिठाच्या वजनकाट्यापाशी उभे राहायचे. रेशनचे दिवस. पगार पंचेचाळीस रुपये, आणि मूल सांभाळायला ठेवलेली बाई जेवून अठरा घेई. मी एक वेळ जेवून ते देत राहिलो. पुढे तिला मुंबईत जास्त पगाराचे काम मिळाले आणि ती गेली. तिला दोष देत नाही. तिचेही पोट होते.

मामा आमच्यात वडीलधारे. "अरे, दाईला पगार लागतो. बायको आणलीस तर नुसतं जेवण!" असे म्हणून ते स्वतःच हसत. पण फुकटची दाई मिळावी म्हणून कुणाच्या मुलीशी लग्न करणे मला सचोटीचे वाटेना. तेव्हा मामांनी दुसरी वाट काढली. पत्नीची थोरली बहीण नाशिकला होती, तिला मूल नव्हते. ती माझ्या मुलीला दत्तक घ्यायला तयार झाली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर देतो म्हणालो. उत्तर 'हो' हेच होते, कारण दुसरे कुठले गणित जुळतच नव्हते.

बाई गेल्यावर घेतलेली रजा संपली होती, म्हणून त्या सकाळी मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून कामावर निघालो. मिठागराच्या अलीकडे गावदेवीचे लहानसे देऊळ आहे. एरवी मी तिथे सायकलवरूनच हात जोडत असे. त्या दिवशी उतरलो. नवस बोलायला माझ्यापाशी काही नव्हते. "मला जेवढे करता येत होते तेवढे केले. आता तुझ्या मनात असेल तसे होऊ दे," एवढेच म्हणालो आणि पायरीवर बसून राहिलो. देवीपुढे मी काही मागितले नाही, असे पहिल्यांदाच घडले.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी समोर उभी राहिली. "कारकून, रडतंस?" तिने सरळ विचारले. ही हिराबाय, आमच्या मिठागरातल्या बायकांची पोरे सांभाळणारी. ती रोज खालच्या बांधावरून जाई. त्या दिवशी उधाणाचे पाणी बांधावर चढले होते, म्हणून देवळाकडून आली. मी तिला सगळे सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "नाशकाला कशाला धाडतंस? माज्या मांडवात आठ झोल्या हायत. नववी बांदू."

तो मांडव मी रोज पाहत होतो. बायका मीठ वाहत आणि त्यांची पोरे तिथे झोळ्यांत झोपत. तिथे माझी मुलगीही झोपू शकेल, हे कारकुनाच्या डोक्यात कधी आलेच नव्हते.

"काय द्यावे लागेल?" मी विचारले.

"रोजचे मूठभर तांदूल. सगल्या जनी तेवढेच देतात."

"मी पैसेही देईन."

"कारकुनाच्या पोरीला येगला भाव नाय," ती म्हणाली आणि मुलीला कडेवर घेऊन चालू लागली. मुलगी रडलीसुद्धा नाही.

संध्याकाळी मामांना नकार दिला. ते संतापले. "आपल्या घरची पोर मिठात वाढवणार?"

"मिठात घातलेले टिकते, मामा," मी म्हणालो. आयुष्यात मी त्यांना दिलेले ते एकच उलट उत्तर.

पाऊस लागून मिठागर बंद झाले की त्या बायका भातलावणीला जात. माझे वजनाचे काम थांबे, पण कोठाराचे चालूच राही. झोळ्या मग शेताच्या बांधावरच्या झाडाला लागत. मुलगी तिथेच चालायला शिकली, तिथेच बोलायला. 'पानी' म्हणे, नातेवाईक हसत. मला ते ऐकून अभिमान वाटे.

उधाण कुणी आणले यावर मी वाद घालत नाही. भरती-ओहोटी तिच्या वेळेने येते. मला एवढेच कळते की मी मोजणे थांबवून बसलो, तेव्हाच समोरचे माणूस मला दिसले.

मुलीला शाळेत घालायला नेले, तेव्हा गुरुजींनी तिला विचारले, "घरी कोण कोण आहे ग?" ती बोटांवर मोजू लागली. "बाबा, हिरा आजी, ठकीमावशी, पारूमावशी, सोनीमावशी..." दोन्ही हातांची बोटे संपली तरी तिची नावे संपेनात.

"भाग्यवान आहात," गुरुजी मला म्हणाले. "एवढे मोठे कुटुंब हल्ली कुठे असते?"

दुसऱ्याची चूक दिसली की दुरुस्त करायची, ही माझी जन्माची सवय. त्या दिवशी मी ताठ मानेने "होय" म्हणालो.