वन्संचे मणी, वन्संचा राग

आमच्या वन्संइतकी मनापासून, नेमाने आणि तब्येतीत चिडणारी बाई गिरगावात दुसरी झाली नाही, आणि यापुढे होईल असंही वाटत नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन मी त्या चाळीतल्या दोन खोल्यांच्या उंबऱ्यावर माप ओलांडलं आणि पुढच्याच पावलाला पायाखाली काहीतरी गोल आलं. मी घसरले. शालू सावरत, भिंतीला धरत उभी राहते आहे तो वन्सं धावत आल्या, खाली वाकल्या, आणि माझ्या पायाखालचा मणी उचलून उजेडात धरत म्हणाल्या, "वाचला बाई! खंबायतचा अकीक आहे. जरा बघून चालावं माणसानं!" सासरी माझं झालेलं हे पहिलं स्वागत. मला इतका संताप आला होता की रडूसुद्धा आलं नाही. पुढे कळलं, त्या घरात राहायचं तर संताप येणं हीच रहिवासाची पहिली पायरी होती.

वन्सं परळला मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवत. कळतं वय व्हायच्या आतच त्यांचं लग्न झालं आणि कळतं वय झालं तेव्हा त्या विधवा होत्या. माहेरी परत आल्या, शिकल्या, नोकरीला लागल्या, धाकट्या भावाला शिकवलं. फिकट रंगाचं नऊवारी, कपाळ मोकळं, गळा मोकळा. आणि हीच बाई शाळेतून आली की संध्याकाळभर दुसऱ्यांच्या गळ्यांसाठी माळा ओवत बसे. माळा म्हणजे बाजारात टांगलेल्या असतात तसल्या नव्हेत. सावंतवाडीचे लाकडी मणी, कोणी कोकणात जाणारं दिसलं की त्याच्या गळ्यात पडून मागवलेले; लाखेचे मणी; कुंभाराला बसल्या जागी उभं करून आपल्या देखत भाजून घेतलेले मातीचे मणी; आणि काचेचे, ज्यांत प्रत्येकाच्या पोटात एखादा बुडबुडा असायलाच हवा. बुडबुडा नसला तर त्या विचारत, "हा माणसाने केलाय कशावरून?" मण्याचं भोक वाकडं निघालं तर दिवस गेला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत घाटत होतं ते दिवस. एका सकाळी वर्तमानपत्रात ती बातमी आली आणि त्याच सकाळी सावंतवाडीहून आलेल्या पुडीतले निम्मे मणी तिरके टोचलेले निघाले. आधी कशावर चिडावं हे वन्संना ठरवता येईना. शेवटी त्यांनी दोघांनाही एकच शब्द वापरला, "बेजबाबदार!" आणि चहा न पिता शाळेला गेल्या.

प्लॅस्टिकचे मणी तेव्हा नुकतेच दिसू लागले होते. भुलेश्वराच्या एका दुकानात मी हौसेने एक गुलाबी सर उचलला. वन्संनी तो माझ्या हातातून काढून घेतला, दाताखाली धरून बघितला, आणि भर दुकानात दुकानदाराला म्हणाल्या, "हे काय आहे? हा दगड नाही, लाकूड नाही, माती नाही. हा कोणाचा कोण?" दुकानदार बिचारा म्हणाला, "बाई, लेटेस्ट आहे. धुतलं तरी रंग जात नाही." वन्सं म्हणाल्या, "ज्याचा रंग लाजेनेसुद्धा उडत नाही, तो मी माणसांच्या गळ्यात घालू?" भुलेश्वरापासून घरापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जणू त्या मण्यांशी माझंच काही नातं होतं.

पण मणी परवडले, इतका दोऱ्याचा जाच होता. दोरा मेणाचाच हवा. आमच्या नाक्यावर जोडे शिवणारे एक वयस्कर गृहस्थ बसत. दोऱ्याला मेण कसं चोळायचं आणि ओढली तरी न सुटणारी गाठ कशी मारायची, हे वन्सं त्यांच्याकडून शिकल्या होत्या. फूटपाथवर, त्यांच्या शेजारी गोणपाटावर मांडी घालून. चाळीतल्या सोवळ्या मंडळींनी तेव्हा केवढा तरी गहजब केला म्हणे. वन्संनी कठड्याशी उभं राहून साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ज्याच्या गाठीवर तुम्ही सगळे रोज चालता, त्याच्याकडून गाठ शिकले. तुमच्याकडून काय शिकू?" त्या दिवसापासून गॅलरी वन्संच्या ताब्यात गेली. मेण चोळलेला दोरा त्या गॅलरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून ठेवत. दूधवाला त्यात अडके, पोस्टमनची टोपी उडे. एकदा शेजारच्या हेडक्लार्कांचं इस्त्रीचं धोतर त्या दोऱ्याला घासलं आणि धोतरावर मेणाचा पट्टा उमटला. ते तणतणत आले. वन्सं त्यांच्याहून तणतणत बाहेर आल्या. "धोतराला मेण लागलं म्हणून ओरडता, आणि माझ्या दोऱ्याला तुमची नीळ लागली त्याचं काय?" हेडक्लार्क माफी मागून गेले. आपण कशाची माफी मागितली, हे त्यांना कचेरीत पोचेपर्यंत कळलं नसावं.

माळ कशी हवी हे सांगायचा हक्क गिऱ्हाइकाला नव्हता. वन्सं माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत, त्या मानेकडे बघत. बसमध्ये, देवळात, हळदीकुंकवाला. नव्या माणसाला वाटे, आपल्या गळ्यावर झुरळ वगैरे आहे. दादरहून एकदा मोटारीतून एक बाई आल्या. बनारसी शालूवर शोभेल अशी माळ त्यांनी सांगितली होती. माळ बघून म्हणाल्या, "सुरेख आहे हो, पण इथे डाव्या बाजूला एक मणी चुकलाय. सगळे तांबडे, हा एकच निळा." वन्सं म्हणाल्या, "चुकलेला नाही, बसवलाय. तुमचं नाक डावीकडे जातं. त्याला कोणीतरी सोबत नको?" मी आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबला. मोटार गेली. माळ राहिली. आणि वन्सं दिवेलागणीपर्यंत धुमसत राहिल्या, की लोकांना स्वतःचं नाक माहीत नसतं!

एकदा मात्र चाळीतल्या बायका शिष्टमंडळ करून आल्या. वन्सं मागितलं तर मंगळसूत्रही ओवून देत, आणि पुढच्या बिऱ्हाडातल्या नव्या सुनेचं मंगळसूत्र त्यांनी ओवलं होतं. पुढारी बाई आडून आडून म्हणाल्या, "तुमचा हात चांगलाच आहे हो. पण... तुमच्या हातून काळे मणी... समजून घ्या." वन्संनी हातातला दोरा खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या, "तुमच्या नवऱ्यांची आयुष्यं माझ्या गाठीवर टांगलीयेत होय? मग काळजी सोडा. माझी गाठ सुटत नाही. त्यांना फक्त विड्या सोडायला सांगा." शिष्टमंडळ हसत हसत गेलं. वन्सं हसल्या नव्हत्या. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा मणी हातात घेतले नाहीत, हे फक्त मी पाहिलं.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस आले. गिरगावात, लालबागेत, परळला रोज मोर्चे, रोज घोषणा. अश्रुधुराने डोळे चुरचुरायचे म्हणून आम्ही दाराशी ओली फडकी ठेवत असू. गोळीबार झाले. वन्संची शालिनी नावाची एक जुनी विद्यार्थिनी होती. लालबागच्या चाळीत दिलेली, नवरा गिरणीत. तिच्या लग्नात वन्संनी लाखेच्या तांबड्या मण्यांची माळ केली होती, आणि ती तिला इतकी आवडली की घरातली कामं आटोपली की रोज घाली. तिचा नवरा कोणत्याही मोर्चात नव्हता. पाळी संपवून घरी येत होता, वाटेत गोळी लागली.

संचारबंदी उठल्यावर वन्सं आणि मी भेटायला गेलो. शालिनी कोपऱ्यात बसली होती. हातात बांगड्या नाहीत, कपाळ पुसलेलं, गळ्यात काही नाही. मंगळसूत्राबरोबर तिची ती तांबडी माळही सासूने काढून ट्रंकेत टाकली होती. वन्संनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता स्फोट होणार. मी त्यांचा पदर ओढला. पण त्या सासूकडे वळल्याच. "मंगळसूत्र काढलंत, ते तुमचं तुम्ही जाणा. ती माळ माझी होती. ती का काढलीत? गोळी घालणाऱ्यांनी तिचा नवरा नेला, आणि उरलंसुरलं तुम्ही ओरबाडता?"

सासू मालवणकडची, हडकुळी, पिकल्या केसांची. तिने वर पाहिलं. "बायनू, माझो झील गेलो," ती म्हणाली. "आनि तुमी माळेचा काय घेवन बसलासात?"

 माझ्या उभ्या जन्मात मी वन्संना कोणासमोर माघार घेताना पाहिलं नव्हतं. त्या हळूच खाली बसल्या, सासूच्या शेजारी. मग सासूच म्हणाली, "तिच्या गळ्यात माळ बघून माका काय दुखता? पन चाळीत ऱ्हवाचा आसा. लोक काय म्हनतले?"

घरी आल्यावर वन्सं जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र मणी काढून बसल्या, आणि जो काही संताप आतल्या आत चालला होता तो आम्हाला फक्त दोऱ्याच्या सटासट ओढण्यातून ऐकू येई. लाकडी मणी, मातीचे मणी, मध्ये एखादा निळा काचेचा. काळा एकही नाही, तांबडा एकही नाही. माळ झाली. मला वाटलं, शालिनीची. रविवारी सकाळी वन्सं न्हाऊन बाहेर आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि ती माळ त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातली.

माझा नवरा दाढी करत होता, त्याचा वस्तरा थांबला. "अक्का..." एवढंच तो म्हणाला.

"काय अक्का? दाढी कर," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण माळेचा फासा काही केल्या लागेना. मीच पुढे होऊन लावून दिला. त्या मानेला मी पहिल्यांदाच हात लावत होते.

गॅलरीतून त्या निघाल्या तेव्हा दारादारांत बायका उभ्या राहिल्या. कुजबूज झाली. पुढारी बाईंनी तर नाकाला बोट लावलं. वन्सं कोणाकडेही न बघता, मान ताठ ठेवून जिना उतरल्या. मी मागोमाग. लालबागेत शालिनीच्या चाळीतही तेच. सासूच्या दारात उभ्या राहून वन्सं म्हणाल्या, "बघा. मी इतकी वर्षं घातली नाही. आज घातली. लोक म्हणायचं ते म्हणाले, आणि मी इथवर चालत आले. पाय शाबूत आहेत." सासूने त्या माळेकडे पाहिलं, वन्संच्या गळ्याकडे पाहिलं, पाणी आणून दिलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. वन्सं परतीच्या वाटेवर माझ्यावरच चिडल्या, की मी फार हळू चालते.

त्यानंतर वन्संनी ती माळ उतरवली नाही. शाळेत घालून गेल्या. मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं तेव्हा त्यांच्याच मानेला कोणते मणी शोभतील हे सांगून आल्या. मोर्चात घालून गेल्या, आमच्या चाळीतल्या बायकांच्या पुढे, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं ओरडत, आणि मधूनच मागे वळून "घोषणा एका ताला-सुरात द्या गं!" असं आम्हालाच दटावत.

पुष्कळ दिवसांनी एका सकाळी शालिनी आमच्या दारात आली, बरोबर सासू. शालिनीच्या गळ्यात तिची लाखेची तांबडी माळ होती. वन्सं बघतच राहिल्या. सासू म्हणाली, "मीच काडून दिलंय ट्रंकेतली. पोरीचा तोंड बघवा ना." मग माळेकडे बोट करून, अगदी सरळपणे, "बरी दिसता. पन वायच लांब झाली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वन्सं उसळल्या. "लांब? लांब नाही! ती मानेच्या हिशेबाने आहे! पोरगी वाळली त्याला माळ काय करणार?" सासूही हटेना. दोघी कंबरेवर हात ठेवून भांडल्या, चहा होऊन गार झाला तरी भांडल्या. शेवटी वन्संनी पुटपुटत माळ उसवली, दोन मणी काढले आणि पुन्हा गाठ मारली. सासूने ते दोन मणी मागून घेतले आणि पदराच्या टोकाला बांधून नेले.

महाराष्ट्र झाला. चाळीत पेढे वाटले, आणि पेढ्यात वेलची जास्त आहे म्हणून वन्सं चिडल्या. पुढे त्यांची नोकरी संपली, मग हळूहळू दृष्टी गेली. मग शालिनी रविवारी लालबागहून येई, वन्सं सांगतील तशी माळ ओवी आणि त्यांच्या हातात देई. वन्सं एकेक गाठ बोटांनी चाचपत आणि म्हणत, "सैल. उसव." शालिनी हसत उसवी. कधी गाठ खरोखर सैल असे, बहुतेकदा नसे.

एका रविवारी वन्संनी माळ हातात घेतली, सगळ्या गाठींवरून बोटं फिरवली आणि काही न बोलता परत दिली. शालिनीने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि हाताला येईल ते भांडं आपटलं, एक, मग दुसरं. वाटलं, आता ओरडतील, आता म्हणतील, हळू ठेवायला कोणी शिकवलं नाही का गं.

बाहेरून त्यांचा आवाज आला, अगदी मऊ, मी कधी न ऐकलेला.

"लागलं नाही ना गं तुला?"